नगरचे साळवे, वसईचे परेरा

१. धर्म एक, आडनावं दोन तऱ्हेची

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात ख्रिस्ती लोकांची मतमाउलीची यात्रा भरते. राहुरी, नेवासा, संगमनेर इकडून माणसं येतात, तशी मुंबई-वसईकडूनही येतात. प्रार्थना एक, भाषा एक. पण नावं विचारली की फरक लगेच कळतो. नगरकडचा माणूस साळवे, गायकवाड, पगारे, खरात असं काही सांगतो. वसईकडचा परेरा, फर्नांडिस, लोपीस किंवा डिसोजा. मग कुणीतरी विचारतंच, धर्म एक असताना आडनावं इतकी वेगळी कशी? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न, जरा दबक्या आवाजात: परेरा म्हणजे यांचे पूर्वज पोर्तुगीज का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नाही. वसईचे परेरा इथल्याच मातीतले, पिढ्यानपिढ्या मराठीची एखादी बोली घरात बोलणारे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचं आडनाव पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या ब्रितो नावाच्या गावावरून आलेलं, आणि ते स्वतः वसई तालुक्यातल्या नंदाखालचे.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र आडनाव मुळात कसं बनतं हे आधी पाहावं लागेल. त्यासाठी स्पेन आणि पोर्तुगालकडे थोडं वळू, कारण वसईच्या आडनावांचं माहेर तिकडे आहे.

२. गाव, बाप, टोपणनाव, हुद्दा

जगातली बहुतेक आडनावं या चारांपैकी एकातून निघालेली असतात.

गावाचं उदाहरण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या नावातच आहे. अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. लग्न झालं होळकरांच्या घरात. आणि होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे. भिंगारकर, पारनेरकर, संगमनेरकर, जामखेडकर ही आडनावं याच रीतीची. यातली एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. संगमनेरात सगळेच संगमनेरचे, तिथे एखाद्याला संगमनेरकर म्हणून वेगळं ओळखता येत नाही. ते नाव चिकटतं घर पुण्याला किंवा इंदूरला गेलं की. म्हणजे ‘कर’ लागलेलं आडनाव बहुधा गाव सोडल्याची खूण असते. ज्याला आपल्या आडनावातल्या गावी आपलं एकही भावकीतलं घर सापडत नाही, त्याने गोंधळून जाऊ नये. असंच व्हायचं असतं.

स्पेन-पोर्तुगालमध्ये ‘कर’चं काम आधी लागणारा ‘द’ करतो. डिसोजा म्हणजे सोजाचा. सोजा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी. गोवा जिंकणाऱ्या अफोंसोचं आडनाव आल्बुकर्क, ते मूळ स्पेनच्या सीमेवरच्या एका गावाचं नाव. आल्मेदा हे पोर्तुगालमधलं गाव, आणि गावाचं नाव अरबी, कारण त्या देशांवर शतकानुशतकं अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं. वसईतल्या एखाद्या आल्मेदांच्या नावात म्हणजे अरबी शब्द, पोर्तुगीज गाव आणि मराठी माणूस असे तीन थर बसलेत.

बापाच्या नावावरून आडनाव करायची स्पॅनिश रीत अगदी सरळ आहे. बापाच्या नावाला शेवटी ‘एझ’ लावायचा. फर्नांडोचा मुलगा फर्नांडेझ, रॉड्रिगोचा रॉड्रिगेझ, गोन्झालोचा गोन्झालेझ, लोपेचा लोपेझ. पोर्तुगीज तेच नाव ‘एस’ने संपवतात, म्हणून आपल्याकडे फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, लोपीस आले. मेक्सिकोचा फर्नांडेझ आणि वसईचा फर्नांडिस यांच्या आडनावात फरक आहे तो फक्त शेवटच्या अक्षराचा. इथे एक सावधगिरी बाळगावी: स्पॅनिश पेरेझ म्हणजे पेद्रोचा मुलगा, पण पोर्तुगीज परेरा म्हणजे नाशपातीचं झाड. दोन्ही दिसायला भावंडं, नात्याने परकी.

आपल्याकडे बापाचं नाव आडनावात मुरलं नाही, ते मधे उभं राहिलं. जुन्या मोडी कागदात ‘अमुक बिन तमुक’ असं लिहिलेलं असतं. ‘बिन’ अरबी, म्हणजे मुलगा. दख्खनच्या सुलतानांच्या कचेऱ्यांतून तो मराठी कागदात आला आणि शेतकऱ्या-पाटलांच्या नावांत सहज रुळला. पुढे ‘बिन’ गळाला, बापाचं नाव मधल्या जागी तसंच राहिलं.

टोपणनावांबद्दल फार सांगायला नको. पोर्तुगीज लोबो म्हणजे लांडगा, आणि आपल्याकडे लांडगे आहेतच. पण नगर जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. शाहीर अनंत फंदी संगमनेरचे, काळ १७४४ ते १८१९. घराण्याचं आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांची इतकी दोस्ती, की लोक त्यांनाच फंदी म्हणू लागले. आज घोलप कुणाला आठवत नाही. ब्राह्मण शाहिराला मुसलमान मित्राचं नाव चिकटलं आणि तेच इतिहासात राहिलं.

हुद्द्यावरून आलेली आडनावं, म्हणजे देशमुख, कुलकर्णी, पाटील, फडणीस, पारसनीस, जहागीरदार, ही निजामशाही-आदिलशाही आणि पुढच्या मराठी राज्याच्या कारभाराची देणगी. लोणीचे विखे पाटील यांच्यासारख्या नावांत मूळ आडनाव आणि हुद्दा शेजारी शेजारी नांदतात.

३. एका घरात तीन आडनावं

आता एक स्पॅनिश आडनाव घेऊ, जे प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेलं आहे: झेवियर. मुंबईत त्या नावाचं कॉलेज १८६९पासून आहे. कित्येकांना ते व्यक्तीचं नाव वाटतं, आणि आता ते तसं झालंही आहे. मुळात ते एका वाड्याचं नाव.

फ्रान्सिस झेवियरचा जन्म १५०६चा, स्पेनच्या उत्तरेकडच्या नवार प्रांतातला. त्या भागात बास्क भाषा चालते. बास्कमध्ये ‘एचे बेरी’ म्हणजे नवं घर. बोलता बोलता त्याचं झालं शावियेर, मग झेवियर. मराठीत याला नेमका जोडीदार आहे: नवघरे.

त्याच्या वडिलांचं आडनाव होतं जास्सो. आईचं आस्पिलक्वेता. झेवियरचा वाडा आला आईच्या बाजूने. फ्रान्सिसच्या एका भावाने आईकडचं आस्पिलक्वेता वापरलं, फ्रान्सिस वाड्याच्या नावाने ओळखला गेला. एका आईबापाची मुलं, आणि आडनावं वेगवेगळी. त्या काळी हे कुणाला खटकत नव्हतं, कारण आडनाव अजून दगडावर कोरलं गेलेलं नव्हतं. ज्या बाजूची जमीन, मान किंवा वाडा हाती येईल, त्या बाजूचं नाव माणूस लावायचा.

पुढे स्पेनने यातून नियम काढला. प्रत्येकाला दोन आडनावं: परंपरेने आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाही. चित्रकार पिकासोचं उदाहरण घ्या. वडील रुईझ, आई पिकासो, म्हणून मुलगा पाब्लो रुईझ पिकासो. रुईझ त्या देशात ढिगाने सापडतात, पिकासो दुर्मिळ. त्याने चित्रांवर सही करताना हळूहळू वडिलांचं आडनाव गाळलं आणि आईचं ठेवलं. जग आज त्याला आईच्या माहेरच्या नावाने ओळखतं.

हाच नियम चौंडीला लावून पाहा. अहिल्याबाई स्पेनमध्ये जन्मल्या असत्या तर जन्मभर शिंदेच राहिल्या असत्या, आणि शिंदेच्या पुढे आईच्या माहेरचं आडनाव लागलं असतं. होळकर फक्त पुढच्या पिढीच्या नावात आलं असतं. योगायोग असा, की २०२४च्या मार्च महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाने दोन निर्णय घेतले: अहमदनगरचं अहिल्यानगर करायला मंजुरी, आणि १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं. तेही आईचं नुसतं नाव. तिचं माहेरचं आडनाव आपल्या कागदात अजून शिरलेलं नाही.

४. निजामशहाचा वैद्य

स्पॅनिश मुळाचं एक आडनाव सोळाव्या शतकात खुद्द नगरच्या दरबारात वावरत होतं. त्याची हकिगत या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

गार्सिया द ओर्ता हा वैद्य. आडनावाचा शब्दशः अर्थ ‘मळ्याचा’. आईबाप स्पेनच्या सीमेलगतचे: वडील वालेन्सिया द आल्कांतारा या गावचे, आई मघाशी आलेल्या आल्बुकर्क गावची. दोघंही ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना फर्मावलं, ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालात गेलं. पाचच वर्षांत, १४९७ला, तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा झाला. वडिलांचं इसाक हे नाव जाऊन फर्नाव झालं. असे नवख्रिस्ती ओर्ता, गोमेस, परेरा अशी शेजाऱ्यांसारखीच आडनावं लावून राहत. नावावरून कुणी ओळखू नये हाच हेतू.

गार्सिया स्पेनच्या सालामांका आणि आल्काला विद्यापीठांत वैद्यक शिकला आणि १५३४ साली मार्टिम अफोंसो द सोजा या दर्यावर्दी सरदाराचा वैद्य म्हणून गोव्यात उतरला. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. हाच सोजा पुढे गव्हर्नर होऊन आला तेव्हा, १५४२ साली, त्याच्याबरोबरच झेवियर गोव्यात पोचला. ओर्ता, सोजा, झेवियर: आपल्या किनाऱ्यावर ही तीन आडनावं अशी एकमेकांचा हात धरून आली.

ओर्ताचं नगरला जाणं-येणं होतं. बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, दरबारातल्या हकिमांशी औषधांबद्दल चर्चा केल्या. त्याच्या पुस्तकात निजामशहाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. हे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात इथल्या औषधी वनस्पतींची माहिती प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. प्रश्न विचारणारा रुआनो हा सालामांकाकडचा स्पॅनिश वैद्य, आणि तो लेखकाने कल्पलेला.

आणि ज्या दरबारात तो जात होता, त्या घराण्याच्या नावाची गोष्टही कमी रंजक नाही. इतिहासकार फरिश्ता सांगतो की निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील मलिक हसन हे मूळचे ब्राह्मण, घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. लहानपणी बहमनी सैन्याच्या हाती सापडले आणि मुसलमान झाले. त्यांना ‘बहिरी’ म्हणत. फरिश्त्याच्या मते हा त्यांच्या वडिलांच्या भैरव नावाचा बदललेला उच्चार. दुसरं मत असं, की बहिरी म्हणजे बहिरी ससाणा. मला फरिश्त्याची गोष्ट जास्त पटते, कारण नावं अशीच झिजतात. म्हणजे नगरच्या महालात ज्यू आईबापांचा ख्रिस्ती वैद्य आणि ब्राह्मण आज्याचा नातू असलेला मुसलमान सुलतान समोरासमोर बसत होते, आणि दोघांची नावं ऐकून यातलं काहीच कळलं नसतं.

ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, जाळलं. १५८०मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळण्यात आली. ख्रिस्ती नावाने जन्मभर झाकलेलं मेल्यावर बाहेर काढलं गेलं.

५. वसईत काय घडलं

आता मूळ प्रश्नाकडे. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. त्यातली १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, म्हणजे कागदोपत्री वसईचा धनी स्पॅनिश. या दोन शतकांत किनाऱ्यावरच्या गावांत मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले.

कॅथलिक रीतीत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता लागतो. गोवा-वसईत तो बहुधा पोर्तुगीज असे: एखादा अधिकारी, सैनिक, जमीनदार, कधी खुद्द पाद्री. नव्या ख्रिस्ती माणसाला संताचं नाव मिळे आणि धर्मपित्याचं आडनाव. एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा गावात दोन सख्ख्या भावांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या वर्षी झाले. थोरल्याचा धर्मपिता परेरा, धाकट्याचा लोपीस. चार पिढ्यांनी त्यांचे वंशज एकमेकांना परके समजतील. उलट, एकाच दिवशी एका अधिकाऱ्याच्या साक्षीने दहा घरांचा बाप्तिस्मा झाला, तर एकमेकांशी नातं नसलेली दहा घरं एका आडनावाची होतील. म्हणून तिकडे सारखं आडनाव हा नात्याचा पुरावा धरता येत नाही आणि वेगळं आडनाव हा परकेपणाचा.

आडनाव हे पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासारखं आहे. आत काय लिहिलंय ते शिक्का सांगत नाही. कुठल्या कचेरीतून आणि कधी पाकीट गेलं, तेवढं सांगतो.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्य मराठ्यांचं झालं, आडनावं मात्र बदलली नाहीत. दोनशे वर्षं चर्चच्या वह्यांत, जमिनीच्या कागदांत आणि लग्नांच्या बोलण्यांत वापरलेलं नाव नुसता झेंडा बदलल्याने पुसलं जात नाही.

६. नगरला तसं का झालं नाही

नगरला मिशनरी पोचले १८३१मध्ये, वसईच्या पोर्तुगिजांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. हे अमेरिकन, प्रॉटेस्टंट पंथाचे, आणि त्यांच्या मागे त्यांच्या देशाची सत्ता नव्हती; राज्य इंग्रजांचं होतं. त्यांना उपदेश, शाळा, छपाई सगळं मराठीतून करायचं होतं. बाप्तिस्मा घेतला म्हणून माणसाने परक्या देशाचा प्रजाजन दिसावं, ही अपेक्षाच नव्हती.

सुरुवातीच्या मोठ्या नावांत आहेत हरिपंत खिस्ती. त्यांचा बाप्तिस्मा १८३९चा. ‘खिस्ती’ हे ‘ख्रिस्ती’वरून आलं असावं असं वाचणाऱ्याला हमखास वाटतं, पण हे त्यांच्या ब्राह्मण घराण्याचं आधीपासूनचं आडनाव. रामकृष्णपंत मोडक मोडकच राहिले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, पुढचं बरंचसं आयुष्य नगर जिल्ह्यात गेलं, आणि ते रेव्हरंड टिळक झाले. टिळक कुठे गेलं नाही. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईही टिळकच. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबात १९१८मध्ये जन्मलेले शाहू मोडक १९४० साली प्रभातच्या चित्रपटात संत ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं याच जिल्ह्यातलं. पोस्टरवरचं नाव वाचून या नटाचा धर्म कुणाला ओळखता आला नसता.

१८७६-७८च्या दुष्काळानंतरच्या काळात गावोगावच्या महार-मांग कुटुंबांनी मोठ्या संख्येने ख्रिस्ती धर्म घेतला. त्यांचीही आडनावं तीच राहिली: साळवे, गायकवाड, जाधव, शिंदे. बदललं असेल तर पहिलं नाव. दावीद, याकोब, शमुवेल, रूथ, एस्तेर ही बायबलमधली नावं मराठी आडनावांना जोडली गेली.

कुणी म्हणेल, हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातला फरक असणार. तसं नाही. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात जर्मन येशूसंघी कॅथलिक पाद्रीही आले. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली राहुरी-श्रीरामपूरकडची कुटुंबं आजही साळवे आणि पगारेच आहेत. पंथ वसईचाच, काळ आणि राजसत्ता वेगळी. निर्णायक ठरली ती राजसत्ता.

एक धागा इथे सोडवून ठेवू. शिंदे, जाधव, गायकवाड ही आडनावं मराठा, धनगर, महार, मांग अशा कितीतरी समाजांत सापडतात. अहिल्याबाईंचे वडील शिंदे धनगर. ग्वाल्हेरचे शिंदे मराठा. आडनावावरून जात ओळखायचा आपल्याकडे जो नाद आहे तो नगर जिल्ह्यात तरी पदोपदी तोंडघशी पडतो.

७. फिलिपिन्सची यादी

राजसत्ता आडनाव कसं देते याचा सर्वांत रोकडा नमुना स्पॅनिशांनीच दिला. फिलिपिन्स त्यांच्या ताब्यात होतं. तिथल्या नवख्रिस्ती लोकांनी ‘संतांचा’, ‘क्रुसाचा’ अशा अर्थाची तीच ती आडनावं घेतली होती आणि करवसुलीला कोण कोण ते कळेना. तेव्हा गव्हर्नर क्लाव्हेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ला हुकूम काढला. साठ हजारांच्या आसपास आडनावांची यादी छापली आणि तिची पानं प्रांताप्रांतांत, गावागावांत वाटून दिली. कुटुंबप्रमुखाने पानातून एक उचलायचं. काही गावांना एकाच अक्षराची पानं गेली, त्यामुळे तिथल्या लोकांची आडनावं अजून त्या एकाच अक्षराने सुरू होतात.

८. स्वतःच्या आडनावाचा माग

ज्यांना आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा आहे त्यांनी आडनावाच्या अर्थापासून सुरुवात करू नये. अर्थ लावणं सोपं असतं आणि बरेचदा फसवं. आधी कागद गाठावा. जमीन असेल तर सातबारा, फेरफार आणि त्यामागचे जुने उतारे. शाळेचा दाखला काढला तर आजोबांच्या पिढीत आडनाव बदललं होतं का, ते दिसतं. ‘पाटील’ जाऊन मूळ आडनाव आलं किंवा उलट झालं, अशी घरं पुष्कळ आहेत. ख्रिस्ती कुटुंबांसाठी बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या. हिंदू कुटुंबांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जावं; यात्रेला आलेल्या पूर्वजांनी त्यांच्या चोपड्यांत स्वतःच्या हाताने नावं लिहिलेली असतात. या चोपड्या बहुधा गावांप्रमाणे लावलेल्या असतात. तिथे गेल्यावर नुसतं आडनाव सांगत बसू नये; आधी मूळ गाव आणि तालुका सांगावा, मग आजोबा-पणजोबांची नावं, आणि मोडी वाचता येणारं कुणीतरी सोबत न्यावं.